कर्नाळ्याची चढण आणि कुल्ल्यांतील कळ

शरीराच्या कांहीं भागांचीं नांवें चारचौघांत घेऊं नयेत, असा आपल्या घरांतून जुना प्रघात आहे. प्रघात वाईट नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो कीं, त्या भागांस दुखणें लागलें म्हणजे तें दुखणेंहि आपण खऱ्या नांवानें सांगत नाहीं. डोकें दुखलें तर घरभर बोभाटा होतो. दाढ दुखली तर लवंगेचें तेल शोधण्यास सर्व मंडळी धांवतात. पण बसण्याच्या जागीं कळ निघूं लागली तर सासूबाई सुनेस सांगतात, "जरा कंबर धरली आहे;" सून नवऱ्यास सांगते, "आईंचे पाय दुखताहेत;" आणि नवरा औषधांच्या दुकानांतून वेदनाशामक गोळ्या घेऊन येतो. अशा रीतीनें मूळ जागा कोणती, हें कोणासच कळत नाहीं, आणि गोळ्या मात्र सहा महिने चालूं राहतात.

या लेखांत त्या न सांगितल्या जाणाऱ्या जागेविषयींच आम्ही लिहिणार आहोंत. कुल्ल्यांतून निघून मांडीच्या मागच्या अंगानें पोटरींत व पावलांत उतरणाऱ्या कळेस आज बहुतेक सुशिक्षित घरांत 'सायटिका' म्हणतात. या दुखण्यावर मणक्यांस विशिष्ट झटका देऊन इलाज करणारे कायरोप्रॅक्टर नांवाचे चिकित्सक आतां आपल्या मोठ्या शहरांत दिसूं लागले आहेत. मणक्यांचा कडकड आवाज ऐकविणारीं त्यांचीं चलच्चित्रें घरोघर मोबाइलवर पाहिलीं जातात, आणि तीं पाहून आपणहि एकदां पाठ मोकळी करून घ्यावी असें कित्येकांस वाटतें. झटका देणें हा त्या चिकित्सेचा शेवटचा भाग असून तपासणें हा पहिला आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे, ही गोष्ट मात्र त्या चित्रांत दिसत नाहीं. चांगला परीक्षक हें दुखणें कसें तपासतो तें वाचकांच्या ध्यानीं आलें, तर कोणाच्या हातीं आपली पाठ द्यावी आणि कोणाच्या देऊं नये, हें त्यांचें त्यांसच ठरवितां येईल.

चार माणसें, एक चढण

समजुतीसाठीं आपण एक सहल कल्पूं. पनवेलहून गोव्याच्या हमरस्त्यानें सुमारें १२ किलोमीटर गेलें म्हणजे कर्नाळ्याचें पक्ष्यांचें अभयारण्य लागतें. १९६८ सालीं स्थापन झालेलें हें अभयारण्य मुंबईकरांच्या रविवारच्या सहलींचें आवडतें ठिकाण आहे. झाडींतून वर पाहिलें कीं कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ४४० मीटर, आणि त्यावरचा सुळका एकटाच सुमारें १२५ फूट. बोरघाट उतरून बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा हा गड शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोंगलांस द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत तो होता. आणि १६७० सालीं तो पुनः स्वराज्यांत आला. जवळच्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा याच गडाचे किल्लेदार होते.

गडाची वाट आरंभीं झाडींतून, मुळें व दगड चुकवीत जाते. पुढें ती खड्या सोंडेवर चढते. घरापासून पायथ्यापर्यंत मोटारींतलें बसणें, नंतर चढणें, मग उतरणें, आणि पुनः मोटारींतलें बसणें, असा हा दिवस असतो. कुल्ल्याचें दुखणें ओळखण्यास या चार गोष्टींहून चांगली परीक्षा दुसरी नाहीं.

आतां असें समजूं या कीं, एका एकत्र कुटुंबांतील चार माणसें या सहलीस गेलीं, आणि संध्याकाळीं चौघांनींहि उजव्या कुल्ल्यावर हात ठेवला.

पहिले काका. वय पन्नाशीचें, नोकरी खुर्चींतली. मोटारींत अर्धा तास बसतांच त्यांची कळ सुरू झाली. शिंक आली तेव्हां ती विजेसारखी मांडींतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. चालूं लागल्यावर त्यांस उलट थोडें बरें वाटलें.

दुसऱ्या आजी. मोटारींत त्या सुखानें बसल्या होत्या. सपाट वाटेवर दहा मिनिटें चालतांच दोन्ही पाय भरून आले, कुल्ल्यांत ओढ लागली. बांकावर पुढें वांकून बसतांच सर्व गेलें. गंमत अशी कीं, काठी टेकीत वांकून थोडी चढण त्या सहज चढल्या, पण उतरतांना मात्र त्यांचे पाय चालेनात.

तिसऱ्या वहिनी. बाळंतपण होऊन वर्ष झालें आहे. त्यांचें दुखणें उंच दगडावर एका पायानें चढतांना, मोटारींतून उतरतांना, रात्रीं कूस बदलतांना होतें. जागा विचारली तर त्या एका बोटानें कंबरेखालची खळी दाखवितात. गुडघ्याखालीं दुखणें उतरत नाहीं.

चौथा थोरला नातू. वय बाविसाचें, दिवसभर संगणकापुढें, संध्याकाळीं दुचाकीवर, आणि पाठीमागच्या खिशांत जाडजूड पाकीट. त्याची कळ कुल्ल्याच्या मध्यावर खोल आहे. पायावर पाय टाकून बसलें म्हणजे वाढते. कंबर मोकळी आहे.

चौघांचा हात एकाच जागीं आहे, पण दुखणीं चार आहेत. काकांच्या मणक्यांमधील चकती सरकून नसेच्या मुळास टोंचत असावी. आजींच्या मणक्यांतील नळी वयोमानानें अरुंद झाली असावी. पुढें वांकलें कीं ती थोडी रुंदावते, आणि म्हणूनच त्यांस चढण सोपी व उतरण अवघड. वहिनींचा दोष कंबरेचें हाड व त्रिकास्थि यांच्या सांध्यांत असावा. नातवाची नस कुल्ल्यांतील एका स्नायूखालीं दबत असावी. या चौघांस एकाच दिवशीं, एकाच रीतीनें, एकच झटका देणारा मनुष्य चिकित्सक नव्हे, हें सांगण्यास वैद्यकाचा अभ्यास लागत नाहीं.

नसेची वाट आणि गिधाडाचें नांव

या सर्व गोंधळाचें मूळ एका नसेच्या लांबींत आहे. सायटिक नस ही शरीरांतील सर्वांत जाड नस; कुल्ल्यांत तिची रुंदी जवळजवळ आपल्या हाताच्या अंगठ्याएवढी असते. कंबरेच्या शेवटच्या दोन व त्रिकास्थीच्या पहिल्या तीन मुळांपासून ती बनते, कुल्ल्यांत पायरिफॉर्मिस नांवाच्या लहानशा स्नायूखालून बाहेर पडते, मांडीच्या मागून उतरते, आणि गुडघ्याजवळ दोन फांट्यांत विभागून पावलापर्यंत पोहोंचते. कित्येक व्यक्तींत तिचा एक फांटा त्या स्नायूच्या खालून न जातां त्यास भेदून जातो. एवढ्या लांब वाटेवर ती कोठेंहि दबली तरी मेंदूस वाटतें तें एकच, कीं पाय दुखतो. दुखतें तेथेंच दोष असतो असें नाहीं; दिवा येथें विझतो आणि तार तिकडे तुटलेली असते.

आपल्या आयुर्वेदानें हें दुखणें फार पूर्वीं ओळखलें होतें. चरकसंहितेंत वातव्याधींच्या अध्यायांत गृध्रसीचें वर्णन आहे, आणि तें कुल्ल्यापासून आरंभ करून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल असा क्रम लावतें. ज्या जागेचें नांव घेण्यास आपण संकोचतों, तेथूनच चरकानें आरंभ केला आहे. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हें नांव पडलें, असें बहुतेक वैद्य सांगतात. कर्नाळ्याच्या दाराशीं असलेल्या पनवेलीस आयुर्वेद नवा नाहीं. कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना याच गांवीं सुरू केला.

युरोपांत नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्यानें १७६४ सालीं या दुखण्यावर ग्रंथ लिहून सांध्याचें दुखणें व नसेचें दुखणें हीं निराळीं आहेत असें दाखविलें. मणक्यांमधील चकती फुटून नस दबते, हें सर्वमान्य होण्यास मात्र १९३४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यवैद्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला.

कायरोप्रॅक्टर म्हणजे कोण?

या चिकित्सेचा जन्म अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत, डॅव्हनपोर्ट शहरीं, १८९५ च्या सप्टेंबरांत झाला. डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थानें हार्वे लिलार्ड नांवाच्या बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीच्या मणक्यास झटका दिला, आणि त्यास पुनः ऐकूं येऊं लागलें, असें पामरनें प्रसिद्ध केलें. त्यावरून बहुतेक सर्व रोगांचें मूळ मणके किंचित् जागचे सरकण्यांत आहे, असा सिद्धांत त्यानें मांडला. हा सिद्धांत शास्त्राच्या कसोटीस उतरलेला नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु त्या मंडळींनीं हाताच्या परीक्षेची व हस्तक्रियेची जी परंपरा वाढविली, तींतील कंबरदुखीवरचा भाग पुष्कळ तपासला गेला आहे. अमेरिकन वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेनें २०१७ सालीं कंबरदुखीसाठीं औषधांपूर्वीं करावयाच्या उपचारांत व्यायाम, शेक यांजबरोबर या हस्तक्रियेचाहि समावेश केला. मिळणारा गुण माफकच असतो. कंबरदुखीस जितका आधार आहे, तितका पायांत उतरणाऱ्या कळेच्या बाबतींत नाहीं.

इंग्लंडांत १९९४ च्या कायद्यानें या चिकित्सकांची नोंदणी सक्तीची झाली. आपल्या देशांत त्यांच्यासाठीं तशी कायद्यानें स्थापिलेली परिषद नाहीं. महाराष्ट्रांत फिजिओथेरपिस्टांसाठीं राज्याची परिषद आहे. म्हणून येथें 'कायरोप्रॅक्टर' ही पाटी दिसली तर त्या मनुष्यानें कोठें व किती वर्षें शिक्षण घेतलें, हें विचारण्यांत संकोच धरण्याचें कारण नाहीं. परदेशांतील रीतसर पदवीसाठीं कित्येक वर्षांचा अभ्यास लागतो. आठवड्याच्या शिबिरांतून आलेला माणूसहि तीच पाटी लावूं शकतो.

तपासणीचा क्रम

चांगल्या परीक्षकाची पहिली ओळख अशी कीं, तो हात लावण्यापूर्वीं बराच वेळ बोलतो. दुखणें केव्हां सुरू झालें? गुडघ्याखालीं उतरतें काय? बसल्यानें वाढतें कीं चालल्यानें? खोकलतांना, शिंकतांना, शौचास जोर करतांना कळ येते काय? मुंग्या, बधिरपणा कोणत्या बोटांत? ताप, वजन घटणें, रात्रीं झोंपेंतून उठविणारी वेदना आहे काय? लघवीवरचा ताबा शाबूत आहे काय? कर्नाळ्याच्या चार माणसांचा निकाल अर्धा येथेंच लागतो. काकांची शिंक आणि आजींचा बांक ह्या दोन गोष्टी कोणत्याहि यंत्रापूर्वीं बोलतात.

नंतर पाहणें. रोगी उभा कसा राहतो, एका बाजूस झुकतो काय, खांदे व कंबरेचीं हाडें समपातळींत आहेत काय, हें तो मागून पाहतो. पुढें, मागें व बाजूस वांकावयास लावतो. मग चालावयास सांगतो. टांचांवर चार पावलें, चवड्यांवर चार पावलें. टांचेवर चालतां आलें नाहीं तर कंबरेचीं खालचीं मुळें, आणि चवड्यावर उभें राहतां आलें नाहीं तर त्रिकास्थीचें पहिलें मूळ दुर्बळ झाल्याचा संशय येतो.

तिसरी नसांची परीक्षा. गुडघ्याखालीं रबरी हातोडी मारली असतां पाय उडतो, ती खूण कंबरेच्या चौथ्या मुळाची. टांचेच्या शिरेवर मारली असतां पाऊल हलतें, ती त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाची. कंबरेच्या पांचव्या मुळाची चौकशी पायाच्या अंगठ्याकडे करावी लागते. परीक्षक अंगठा खालीं दाबतो आणि रोग्यास तो वर उचलण्यास सांगतो. दोन्ही पायांच्या बळांत फरक दिसला तर तें महत्त्वाचें लक्षण होय. मग कापसानें व टोंचणीनें स्पर्श तपासतो. नडगीची आंतली बाजू, पावलाची वरची बाजू, करंगळीकडची कड, हे तीन निरनिराळ्या मुळांचे प्रांत आहेत.

चौथी परीक्षा या दुखण्याची सर्वांत प्रसिद्ध. रोग्यास उताणें निजवून, गुडघा सरळ ठेवून, परीक्षक दुखरा पाय हळूहळू वर उचलतो. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखालीं उतरली, तर नसेचें मूळ ताणलें जात आहे असें समजतात. केवळ मांडीच्या मागें ओढ लागली तर ती आखडलेल्या स्नायूची असते; सतरंजीवर बसून पायाचे अंगठे धरण्याचा प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकास ती ठाऊक आहे. ही परीक्षा फ्रेंच वैद्य लासेग याच्या नांवानें ओळखली जाते. पण ती लिहून काढली त्याचा शिष्य फोर्स्ट यानें, १८८१ सालीं, आणि त्यापूर्वीं एक वर्ष सर्बियाच्या लाझारेविच यानेंहि ती वर्णन केली होती. चांगला पाय उचलला असतां दुखऱ्या पायांत कळ आली, तर चकतीचा संशय फार बळावतो.

पांचवी कुल्ल्याची व सांध्यांची परीक्षा. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून, अर्धी मांडी घातल्यासारखा तो गुडघा खालीं दाबतात. जांघेंत दुखलें तर खुब्याचा सांधा, आणि मागें त्या खळीशीं दुखलें तर वहिनींचा सांधा दोषी असण्याचा संभव. या सांध्यासाठीं एकच परीक्षा पुरत नाहीं. निरनिराळ्या दिशांनीं दाब देऊन तीनचार परीक्षांत तेंच दुखणें जागें झालें तरच परीक्षक तसें म्हणतो. नातवासाठीं त्यास कुशीवर निजवून, खुबा व गुडघा वांकवून, गुडघा आंत व खालीं दाबतात. त्या ताणानें पायरिफॉर्मिसखालची नस दाबली जाऊन त्याची ओळखीची कळ उठते काय, हें पाहावयाचें. पावलावरची नाडीहि याच वेळीं चाचपावी. धूम्रपान करणाऱ्या वृद्धास चालतांना कुल्ला व पोटरी दुखून, नुसतें उभें राहिल्यानें बरें वाटत असेल, तर दोष रक्तवाहिनींत असण्याचा संभव असतो आणि पाठीवरील कोणताहि इलाज तेथें व्यर्थ आहे.

शेवटीं मणक्यांची चाचपणी. कायरोप्रॅक्टर एकेक मणका बोटांनीं हलवून कोठें हालचाल कमी आहे तें पाहतो. पालथें निजवून दोन्ही पायांची लांबीहि ताडतो. हा त्याच्या विद्येचा खास भाग खरा. परंतु याच भागांत दोन परीक्षकांचें एकमत फारसें होत नाहीं, असें अनेक पाहण्यांत आढळून आलें आहे. म्हणून जो केवळ "तुमचा एक पाय आंखूड आहे" एवढ्या आधारावर वीस बैठकींचे पैसे आगाऊ मागतो, त्याच्यापासून दूर राहणें इष्ट.

छायाचित्रांचा मोह

आपल्या घरांतून आणखी एक समजूत आहे कीं, एमआरआय काढला म्हणजे सर्व कळतें. १९९४ सालीं अमेरिकेंत पाठ मुळींच न दुखणाऱ्या ९८ माणसांचीं अशीं चित्रें काढून पाहण्यांत आलीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांची एक तरी चकती फुगलेली निघाली. सर्व चकत्या निर्दोष असलेलीं माणसें ३६ टक्केच होतीं. केस पिकतात तशा चकत्याहि वयानें झिजतात. चित्रांतली फुगलेली चकती आणि कुल्ल्यांतली कळ यांचा संबंध आहे काय, हें सांगण्याचें काम वर वर्णिलेल्या परीक्षेचें आहे. परीक्षा व चित्र एकाच मुळाकडे बोट दाखवीत असतील तरच त्या चित्रास किंमत. एरवीं तो कागद रोग्यास भिवविण्यापुरता उरतो.

जेथें झटका देऊं नये

येथवर जें लिहिलें तें विसरलें तरी चालेल. परंतु पुढील ओळी घरांतील प्रत्येक वडील माणसानें ध्यानांत ठेवाव्यात.

मलमूत्रविसर्जनाच्या जागेभोंवतीं, म्हणजे घोड्यावर बसलें असतां खोगिरास टेकणाऱ्या भागीं, बधिरपणा आला. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली. शौचावरील ताबा सुटला. दोन्ही पाय दुबळे झाले. किंवा पाऊल एकाएकीं लोंबूं लागलें, तर त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें. मणक्यांच्या नळींतील नसांचा जुडगा दबल्याचें तें लक्षण असतें, आणि शस्त्रक्रियेस उशीर झाला तर गेलेला ताबा पुनः येईलच असें नाहीं. संकोचामुळें खरें नुकसान येथें होतें. पाय दुखतो असें आजी सांगतात. लघवी कळत नाहीं असें सांगत नाहींत. घरांतील मुलीनें, सुनेनें वा नातीनें तें प्रेमानें, पण स्पष्ट शब्दांत विचारलेंच पाहिजे.

ताप, घटणारें वजन, रात्रींची वेदना, पूर्वीं झालेला क्षय किंवा कर्करोग, या गोष्टी असतील तर आधीं पूर्ण तपासणी व्हावी. आपल्या देशांत मणक्यांचा क्षय दुर्मिळ नाहीं. किडलेल्या मणक्यास झटका दिला तर पक्षाघातापर्यंत मजल जाऊं शकते. पाळी गेलेल्या स्त्रियांचीं व दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ असतात. त्यांच्या पाठीवर जोराची क्रिया करूं नये. पडून लागल्यावर वृद्धांची पाठ आधीं डॉक्टरांस दाखवावी. आणि ज्यास कुल्ल्यांत इंजेक्शन घेतांच पायांत वीज उतरल्यासारखी कळ येऊन पाय बधिर झाला, त्यानें तें वेळीच सांगावें. कुल्ल्याचा वरचा बाहेरचा चतुर्थांश सोडून सुई भलतीकडे गेली तर तीच नस दुखावते.

गोळ्या आणि गिधाडें

वेदनाशामक गोळ्यांविषयीं कर्नाळ्याच्या पक्ष्यांमध्यें उभें राहून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कंबरदुखीवर आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी डायक्लोफेनॅक ही गोळी एके काळीं गुरांसहि दिली जाई. अशा गुराचें मढें खाल्लेल्या गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरत. १९९० नंतरच्या काळांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें देशांतून ९९ टक्क्यांहून अधिक नाहींशीं झालीं. कारण २००४ सालीं उमगलें आणि २००६ सालीं गुरांसाठीं या औषधावर बंदी आली. ज्या पक्ष्यावरून गृध्रसीस नांव मिळालें, तो पक्षी अशा रीतीनें त्याच दुखण्याच्या गोळीनें संपत आला. रायगड जिल्ह्यांत म्हसळा तालुक्यांतील चिरगांवाजवळ तीं अजून आढळतात. मनुष्याचें शरीर गिधाडाहून निराळें आहे हें खरें. पण वृद्धांच्या जठरावर व मूत्रपिंडांवर अशा गोळ्यांचा भार पडतोच. वैद्याच्या सल्ल्यानें चार दिवस घेणें निराळें आणि दुकानांतून आणून सहा महिने घेणें निराळें.

समाधानाची गोष्ट ही कीं, धोक्याचीं लक्षणें नसतील तर बहुतेक सायटिका सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होते. बाहेर आलेली चकतीहि बहुधा आपोआप आटत जाते. अंथरुणास खिळून राहण्याचा जुना सल्ला आतां कोणी देत नाहीं. काकांनीं अर्ध्या तासानें खुर्चींतून उठावें. नातवानें पाकीट पुढच्या खिशांत ठेवावें व कुल्ल्याचे ताण शिकून घ्यावेत. वहिनींनीं ओटीपोटाचे व कुल्ल्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टाकडून समजून घ्यावेत. आजींनीं थोडें चालावें, बसावें, पुनः चालावें. अभयारण्याच्या खालच्या वाटांवर त्यांस तेवढें सहज जमेल, आणि पक्षीहि तेथेंच अधिक दिसतात.

जाण्यापूर्वीं कागदावर

कोणत्याहि चिकित्सकाकडे जाण्यापूर्वीं घरांतील तरुण मंडळींनीं रोग्याजवळ बसून एका कागदावर पांच गोष्टी लिहाव्यात. दुखण्याची नेमकी जागा, बोटानें दाखवून. तें कोठपर्यंत उतरतें. बसणें, उभें राहणें, चढणें व उतरणें यांपैकीं कशानें वाढतें व कशानें थांबतें. कोणत्या बोटांत मुंग्या येतात. आणि लघवी-शौचाची स्थिति. कुल्ला हा शब्द लिहितांना हात अडखळत असेल तर चरकाचा 'स्फिक्' शब्द लिहावा, पण जागा लिहावी. हा कागद ज्यानें लक्षपूर्वक वाचला, त्यावरून आणखी प्रश्न विचारले, पायाचा अंगठा, गुडघा व टांच तपासली, आणि काय आढळलें तें समजावून सांगितलें, तो कायरोप्रॅक्टर असो, फिजिओथेरपिस्ट असो वा अस्थिरोगतज्ज्ञ असो, त्याचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. ज्यानें कागद बाजूस सारून "निजा पालथे" असें म्हटलें, त्याला नमस्कार करून घरीं परत यावें.